शेलच्या फंक्शनला उत्तर देता यावे म्हणून : एका छोट्या सोयीचा मोठा इतिहास

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/ युनिक्सचा शेल हा एक दुभाषा आहे. माणसाने लिहिलेली आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि यंत्राकडून ती पार पाडून घ्यायची, हे त्याचे काम. परंतु ‘हे गणित कर आणि उत्तर मला आणून दे’ ही साधी विनंती निर्धोकपणे पुरी करण्यास या दुभाष्याला कित्येक दशके लागली.

२/ केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा पहिला शेल लिहिला. त्यात फंक्शन नव्हते. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यातही फंक्शन नव्हते. बोर्न शेलला ते १९८४ च्या सुमारास, सिस्टिम फाइव्हच्या दुसऱ्या रिलीजमध्ये मिळाले.

३/ हे फंक्शन आज्ञेच्याच साच्यात घडवले गेले. आज्ञा संपताना मागे एक अंक ठेवते : ० म्हणजे यश, अन्य काहीही म्हणजे अपयश. हा अंक आठ बिटांत मावावा लागतो, म्हणून त्याची कमाल मर्यादा २५५. बॅश शेलमध्ये ३०० परत करू पाहणाऱ्याच्या हाती ४४ पडतात! नाव किंवा वाक्य परत करण्याची तर सोयच नव्हती.

४/ पहिला उपाय बोर्न यांच्या शेलमध्येच होता. आज्ञेने जे छापले ते उचलून व्हेरिएबलमध्ये ठेवायचे. मात्र त्यासाठी फंक्शन बहुधा शेलच्या एका स्वतंत्र प्रतिकृतीत चाले. तिथे व्हेरिएबलमध्ये केलेले बदल तिच्याबरोबरच नाहीसे होत. उत्तराच्या शेवटी असलेल्या कोऱ्या ओळी गळून पडत. हजारो वेळा बोलावल्यास वेळही फार जाई.

५/ दुसरा उपाय : दूध आणायला जाणाऱ्याबरोबर घरचेच भांडे पाठवावे, तसा. बोलावणाऱ्याने आपल्या व्हेरिएबलचे नाव द्यायचे आणि फंक्शनने उत्तर त्यातच ओतायचे. पण नाव हाती असूनही त्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिहायचे कसे? जुन्या शेलमध्ये त्यासाठी ‘इव्हॅल’ होते.

६/ इव्हॅल मजकूर पुन्हा एकदा आज्ञा म्हणून वाचते. धोका नेमका इथेच आहे. नावाच्या चिठ्ठीवर कोणी अर्धविरामापुढे ‘सर्व फायली पुसून टाक’ असे लिहिले, तर दुभाषा तेही निमूटपणे पार पाडतो. नाव कोणते आणि हुकूम कोणता, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

७/ यावरचा नेटका तोडगा बेल प्रयोगशाळेतच निघाला. डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ मध्ये आपला शेल जाहीर केला होता. त्याच्या १९९३ च्या आवृत्तीत ‘नेमरेफ’ आले. ‘टाइपसेट -एन’ लिहिले की एक व्हेरिएबल दुसऱ्याचे टोपणनाव बनते. टोपणनावात लिहिलेले मूळ व्हेरिएबलमध्ये उतरते, इव्हॅलविना.

८/ ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला बॅश १९८९ मध्ये आला. त्याच्या ३.१ आवृत्तीत ‘प्रिंटएफ -व्ही’ मिळाले : छापील मजकूर थेट नाव दिलेल्या व्हेरिएबलमध्ये. नेमरेफ मात्र २०१४ च्या ४.३ आवृत्तीत, म्हणजे कॉर्न शेलनंतर २१ वर्षांनी आले.

९/ त्याच वर्षी २४ सप्टेंबरला ‘शेलशॉक’ उघडकीस आले. स्टेफान शाझलास यांना बॅशमध्ये हे भगदाड सापडले होते. पर्यावरण-व्हेरिएबलमधून फंक्शन पुढे पाठवण्याच्या सोयीत, फंक्शनच्या व्याख्येमागे जोडलेला मजकूरही आज्ञा म्हणून चालवला जाई. नेमरेफशी त्याचा थेट संबंध नाही, पण दुखणे इव्हॅलचेच : मजकुराचा हुकूम होणे.

१०/ मग नेमरेफने प्रश्न सुटला का? पूर्णपणे नाही. बॅशमध्ये बोलावणाऱ्याचे आणि फंक्शनचे व्हेरिएबल एकाच नावाचे निघाले, तर घोटाळा होतो. टोपणनावच त्या नावाचे असेल तर शेल निदान ‘वर्तुळाकार संदर्भ’ असा इशारा देतो. फंक्शनमधले दुसरे एखादे स्थानिक व्हेरिएबल त्या नावाचे असेल, तर उत्तर त्यातच पडते आणि बोलावणाऱ्याचे भांडे रिकामे परत येते. कसलाही इशारा मिळत नाही.

११/ दुसरी फट अधिक गंभीर आहे. नाव म्हणून ॲरेचा घटक दिला आणि त्याच्या चौकटी कंसात आज्ञा दडवली, तर बॅश तो कंस सोडवताना ती आज्ञा चालवू शकतो. नेमरेफ आणि ‘प्रिंटएफ -व्ही’ दोन्ही याला बळी पडू शकतात.

१२/ म्हणून जाणकारांचे दोन नियम. फंक्शनमधल्या स्थानिक नावांना स्वतःचा वेगळा उपसर्ग लावावा. आणि बाहेरून आलेले नाव वापरण्यापूर्वी तपासावे : आरंभी रोमन अक्षर किंवा अधोरेषा, पुढे फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेषा. बाकी काही दिसले की तिथेच थांबावे. ही तपासणी केली, तर जुन्या शेलमधले इव्हॅलही सांभाळून वापरता येते. मात्र मूल्य त्याच्या मजकुरात थेट मिसळू नये.

१३/ १९८४ पासून आजवर साधने बदलत गेली, प्रश्न मात्र तोच राहिला : परक्याने दिलेल्या नावावर किती विश्वास ठेवायचा? नेमरेफने लिहिण्याची वाट सुकर केली. दाराशी आलेले नाव पारखण्याचे काम अजूनही फंक्शन लिहिणाऱ्याकडेच आहे.

(थ्रेड समाप्त)