सात पिढ्यांची वाट

ज्युबिलीच्या अंकांत देऊळ कोणीं बांधिलें, घंटा कोणीं दिली, कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत किती कुटुंबें वाढलीं, याचा वृत्तान्त यावा हें उचितच आहे. परंतु ज्यांना देऊळ नव्हतें, घंटा नव्हती व धर्मगुरूहि नव्हते, आणि तरीहि ज्यांची श्रद्धा दोनशें वर्षांहून अधिक काळ टिकली, अशा लोकांची हकीकत या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आलें. हे लोक म्हणजे जपान देशांतील नागासाकी भागांतले शेतकरी व कोळी. त्यांचा आणि आपला संबंध काय, असें कोणी विचारील; तर तो संबंध आपल्या वसईच्याच एका सुपुत्रानें आपल्या रक्तानें जोडिला आहे.

संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजीं जपानांत कागोशिमा येथें उतरले. पुढें तेथें ख्रिस्तसभा झपाट्यानें वाढली, आणि तिच्याबरोबर राज्यकर्त्यांच्या मनांतील संशयहि वाढला. वसईंत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे प्रथम येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर तिकडे गेले, कांहीं काळ त्यांनीं व्यापार केला, आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून ते दाखल झाले. जपानी भाषा त्यांना चांगली अवगत होती, म्हणून हिदेयोशीच्या दरबारीं दुभाष्याचें काम त्यांच्याकडे आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांनीं व त्यांच्या पंचवीस सोबत्यांनीं क्रुसावर प्राण अर्पिले. हें चरित्र आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे; त्याचा विस्तार येथें करीत नाहीं. मला सांगावयाचें आहे तें त्यांच्यामागें जे जगले त्यांच्याविषयीं.

१६१४ मध्यें तोकुगावा सरकारानें ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू हद्दपार झाले. लपून राहिलेल्यांपैकीं शेवटचे १६४४ मध्यें गेले. प्रत्येक कुटुंबानें बौद्ध मठांत आपलें नांव नोंदवावें, पांच पांच घरांनीं एकमेकांची जामिनकी पत्करावी, धर्मगुरूस धरून देणारास चांदीचीं नाणीं बक्षीस मिळावीं, असा कडेकोट बंदोबस्त झाला. अशा स्थितींत खेड्यांतील साध्या माणसांनीं जी व्यवस्था केली ती पाहून मन थक्क होतें. गांवांत एकानें सणावारांची व उपवासाची तिथि मोजावी, दुसऱ्यानें नवजात बालकांस स्नानसंस्कार द्यावा, तिसऱ्यानें घरोघर निरोप पोंचवावा. बस्स, एवढीच त्यांची ख्रिस्तसभा. प्रार्थना तोंडपाठ होत्या. त्यांत लॅटिन व पोर्तुगीज शब्द इतके घासून गेले होते कीं म्हणणारासहि त्यांचा अर्थ पुरता लागत नसे. पवित्र मरियेची मूर्ति ठेवणें म्हणजे मरण; म्हणून मूल कडेवर घेतलेल्या क्वानन देवीच्या पुतळीसमोर ते मनोमन मरियेचें स्मरण करीत. आणि बास्तियान नांवाच्या एका उपदेशकाचें भाकित आजी नातवाला सांगे, कीं सात पिढ्यांनंतर काळ्या गलबतांतून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील.

परंतु सर्वांत कठीण गोष्ट निराळीच होती. नागासाकी भागांत दरवर्षीं नववर्षाच्या सुमारास प्रभूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत व प्रत्येकास तिच्यावर पाय द्यावयास लावीत. आजाऱ्यांना सुद्धां त्यांतून सुटका नसे. जे नाकारीत त्यांचें काय होई तें सांगावयास नको. बहुतेकांनीं पाय दिला. मग घरीं जाऊन ते रडत आणि ‘कोंचिरिसान’ म्हणत. हा शब्द पश्चात्तापवाचक पोर्तुगीज शब्दाचें जपानी रूप होय. धर्मगुरू मिळत नसेल तर पूर्ण पश्चात्ताप करावा, व मिळतांच पापनिवेदन करण्याचा निश्चय धरावा, अशी शिकवण देणारी एक लहान पुस्तिका १६०३ सालीं निघाली होती. तिच्या हस्तलिखित नकला पिढ्यानुपिढ्या लपवून ठेविल्या गेल्या. त्या पावलांचा न्याय करण्याचा अधिकार, निर्भयपणें मिस्सेला जाणाऱ्या आम्हां लोकांस आहे असें मला वाटत नाहीं. रक्तसाक्ष्यांचा विश्वास तेजस्वी खरा. पण वर्षानुवर्षें पडून, लाजून, पुन्हा देवाच्या दयेवर भार टाकणाऱ्यांचा विश्वास हाहि विश्वासच होय.

१८५८ च्या करारांनंतर परदेशीयांना बंदरांत आपल्यापुरतें देऊळ बांधण्याची मोकळीक मिळाली. फ्रेंच मिशनऱ्यांनीं नागासाकीच्या ओउरा भागांत देऊळ बांधिलें व १९ फेब्रुवारी १८६५ रोजीं तें त्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नांवें अर्पण केलें. तीनच वर्षांपूर्वीं, ८ जून १८६२ रोजीं, पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें होतें. देवळाचें तोंड निशिझाका टेकडीकडे ठेविलें होतें. १७ मार्च रोजीं दुपारीं उराकामी खेड्यांतील दहाबारा माणसें दाराशीं उभीं असलेलीं फादर पेतीजां यांना दिसलीं. ते आंत जाऊन गुडघे टेकून प्रार्थना करूं लागले, तेव्हां एक स्त्री जवळ आली आणि छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली कीं, आम्हां सर्वांचें हृदय आपल्या हृदयासारखेंच आहे. लगेच तिनें विचारिलें, सांता मारियाची मूर्ति कोठें आहे? मूर्तीपाशीं गेल्यावर त्यांतील कोणी असेंहि सांगितलें, कीं आम्ही सध्यां दुःखाच्या काळाच्या सतराव्या दिवसांत आहों. वाचकांनीं हिशेब करून पाहावा: त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्चला होता. दोन शतकें कोणा धर्मगुरूचें तोंड न पाहतां त्यांचा उपवासकाळ एका दिवसानेंहि चुकला नव्हता!

येथें कथा सुखानें संपावयास हवी होती. तसें झालें नाहीं. बंदीचा कायदा अद्याप उठला नव्हता. १८६७ मध्यें उराकामीच्या लोकांनीं आपल्या मृतांचा अंत्यविधि बौद्ध भिक्षूंकडून करून घेण्याचें नाकारिलें, आणि धरपकड सुरू झाली. पुढील तीन वर्षांत सुमारें ३,४०० माणसें, म्हणजे जवळजवळ सारा गांवच, दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार झाला. त्सुवानो येथें कित्येकांना कडाक्याच्या थंडींत तळ्याच्या पाण्यांत बुडविलें. या हद्दपारींत सहाशेंहून अधिक दगावले. कित्येकांनीं छळापुढें मान तुकविली, व त्यांतील पुष्कळ पुढें रडत परत आले. युरोपांतून निषेध झाल्यावर १८७३ मध्यें बंदीचे फलक उतरले. उराकामीकर या हद्दपारीस ‘प्रवास’ असेंच म्हणत. परत येऊन पाहतात तों घरें मोडलेलीं, शेतें ओसाड. तरी कांहीं वर्षांनीं त्यांनीं पैसा पैसा जमवून गांवच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. प्रतिमेवर पाय द्यावयाचा तो याच वाड्यांत. तेथें त्यांनीं विटांचें भव्य देऊळ उभारिलें. तें १९१४ मध्यें पुरें झालें.

९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब या देवळापासून सुमारें अर्ध्या किलोमीटरवर फुटला. त्या वेळीं आंत मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणासाठीं पापनिवेदनें चाललीं होतीं. आंतलें कोणी वांचलें नाहीं. धर्मग्रामांतील सुमारें १२,००० लोकांपैकीं सुमारें ८,५०० मेले. असें कां झालें, या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ नाहीं. उरलेल्यांनीं ढिगारा उपसतां उपसतां एक घंटा न फुटलेली सांपडली. ती त्यांनीं लांकडांना टांगली, आणि त्याच वर्षीं नाताळच्या आदल्या रात्रीं वाजविली.