मुंबईची प्लेगची साथ आणि जमातींचे दवाखाने (१८९६-१८९९)

साथीच्या रोगाचा इतिहास बहुधा मृतांचे आकडे आणि सरकारी हुकूम यांच्या आधारे लिहिला जातो. घरात माणूस तापाने फणफणलेला असताना त्याच्या घरच्यांनी कुठे धाव घेतली, कोणाचा दरवाजा ठोठावला आणि कोणता दरवाजा टाळला, हा प्रश्न मागे राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आलेल्या प्लेगच्या साथीकडे या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. मदत उपलब्ध असणे आणि ती माणसाने स्वीकारणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्यांच्यामध्ये विश्वासाचा पूल लागतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोग्यांना तपासून हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग होय, असे निदान डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, उंदीर आणि दाटीवाटीच्या चाळी. उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यांत या रोगाला ‘ताऊन’ म्हणत. उंदरांवरील पिसवांमार्फत तो माणसाला होतो, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. त्यामुळे सारा भर घरे धुणे, चुना लावणे, सामान जाळणे आणि रोग्याला उचलून नेणे यांवर होता.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिकेने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा अधिकार घेतला. आर्थर रोडचे इस्पितळ त्यासाठी होते. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने ते बरे होण्याचे ठिकाण नव्हते. तिथे गेलेला परत येत नाही, एवढेच त्याला दिसत होते. रोगी फार उशिरा नेले जात, म्हणून मृत्यू अधिक होत. आणि मृत्यू अधिक होत, म्हणून लोक रोगी लपवीत. हे दुष्टचक्र होते. त्यातच अफवांची भर पडली. इस्पितळात माणसांची ‘मोमियाई’ काढतात, असे बोलले जाई. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी आयुक्त स्नो यांनी हुकूम सौम्य केला. घरी नीट वेगळे ठेवून उपचार होत असतील तर रोग्याला हलविले जाणार नाही, असे जाहीर झाले. या माघारीमागे एक व्यावहारिक कारणही होते. हलालखोर आणि झाडूवाले घाबरून शहर सोडून गेले असते, तर मुंबईची सफाईच बंद पडली असती. ज्यांना समाजाने सर्वांत खाली लोटले होते, त्यांच्याच हातांवर शहराचा जीव अवलंबून होता.

फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे निम्मे शहर ओस पडले. त्याच महिन्यात साथरोग कायदा झाला. मुंबईहून हजला जाण्यावरही त्या वर्षी बंदी आली. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरझडत्या सुरू झाल्या. मुस्लिम मोहल्ल्यांत सर्वांत नाजूक प्रश्न पडद्याचा होता. परका पुरुष घरात शिरून स्त्रियांच्या काखा व जांघा तपासणार, ही कल्पनाच असह्य होती. हिंदू घरांतही याविषयी संताप काही कमी नव्हता. स्त्रियांना स्त्रियांनीच तपासावे, रोग्याजवळ नातेवाईक असावा, अन्नपाणी आपल्या रीतीचे मिळावे आणि मृत्यूनंतर गुस्ल, कफन व दफन विधिवत व्हावे, एवढ्याच मागण्या होत्या. त्यांपैकी एकही वैद्यकशास्त्राच्या विरोधात नव्हती.

यातूनच जमातींच्या आणि जातींच्या स्वतंत्र दवाखान्यांची वाट निघाली. समितीने समाजपुढाऱ्यांना आपापली इस्पितळे उघडू दिली, किंबहुना तसे उत्तेजन दिले. पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा अनेक समाजांनी ती चालविली. पुण्यातही लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ निघाले, आणि रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडला. मुंबईच्या दवाखान्यांत औषध तेच होते, नियमही बरेचसे तेच होते. फरक होता तो खाटेजवळ बसू दिलेल्या आईचा आणि ओळखीच्या भाषेत केलेल्या विचारपुशीचा. या व्यवस्थेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ज्या समाजाकडे धनिक आणि पुढारी होते, त्याला दवाखाना मिळाला. परप्रांतातून आलेल्या गरीब मजुराला असा आधार सहज मिळत नसे. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील विणकर वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून तंटा झाला. त्याचे पर्यवसान दंगलीत व गोळीबारात होऊन माणसे मेली. प्रतिष्ठितांशी झालेला समझोता गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचला नव्हता, असाच याचा अर्थ.

लसीच्या बाबतीतही हेच दिसते. वाल्डेमार हाफकिन या रशियातून आलेल्या यहुदी शास्त्रज्ञाने मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक कचरत होते. खोजा इस्माईली जमातीचे इमाम सुलतान मुहम्मद शाह आगाखान तेव्हा जेमतेम विशीचे होते. त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुसरू लॉज ही वास्तू दिली. त्यानंतर हजारो खोजांनी लस घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळला गेली. तीच पुढे हाफकिन संस्था झाली.

बडोदे संस्थानातील उंधेरा गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये याची कसोटी लागली. प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले. तथापि विश्वास आकड्यांनी टिकतोच असे नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित लसीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मेली आणि लोकांचा भरवसा हादरला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण गेलेली वर्षे परत आली नाहीत.

तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा वापरला गेला. त्याचबरोबर जुनी रीतही जागी झाली. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये उभे करून तेथील सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभाग करून दिला. एप्रिल २०२१ मध्ये वडोदऱ्यातील जहांगीरपुऱ्याच्या मशिदीत रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. येथे एक महत्त्वाचा फरक आहे. १८९७ चे दवाखाने आपापल्या समाजापुरते होते. इचलकरंजीची खाट कोणत्याही रुग्णासाठी होती.

साथीच्या काळात कायदा, औषध आणि पैसा यांची गरज असतेच. पण ते घराच्या उंबरठ्याच्या आत नेणारा माणूस ओळखीचा लागतो आणि तो साथ येण्यापूर्वीच ओळखीचा असावा लागतो. मदनपुऱ्यात असा माणूस त्या दिवशी दारात उभा नव्हता.