रोबोट व्हॅक्युम क्लिनर घ्यावा का? आधी घरातली फरशी बघा

रील बहुतेकांनी पाहिलेली असते. मोकळा हॉल, त्यात फिरणारी एक गोल चपटी तबकडी, सोफ्यावर पाय वर घेऊन चहा पिणारं कोणीतरी आणि खाली कॅप्शन, 'आता केर-लादीचं टेन्शन नाही'. त्या हॉलमध्ये चार्जरची वायर लोंबत नसते, सोफ्याखाली मुलांची खेळणी नसतात, दारात पायपुसणं नसतं. तुमच्या-आमच्या घरात हे सगळं असतं. वीस-पंचवीस हजार मोजून आणलेला रोबोट काही महिन्यांत माळ्यावर का जातो, याचं उत्तर बहुतेकदा या फरकातच सापडतं.

तसा हा प्रकार नवा नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीचा 'ट्रिलोबाइट' २००१ मध्ये बाजारात आला. जगभर नाव झालं ते मात्र २००२ मध्ये आलेल्या 'रुंबा'चं. अमेरिकेच्या आयरोबॉट कंपनीचं हे यंत्र इतकं गाजलं की अनेक जण कुठल्याही कंपनीच्या रोबोटला रुंबाच म्हणतात. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत याची खरी चर्चा सुरू झाली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. सोसायट्यांची गेटं बंद, कामाच्या मावशी येऊ शकत नाहीत आणि दिवसभर सगळं कुटुंब घरात. त्याच एप्रिलमध्ये शाओमीने केर काढणारा आणि फरशी पुसणारा रोबोट १७,९९९ रुपयांत भारतात आणला. आज साधारण १५ हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत मॉडेल्स मिळतात.

त्याला घर दिसतं कसं?

सुरुवातीचे रोबोट भिंतीवर आपटायचे, वळायचे आणि पुन्हा कुठेतरी आपटायचे. आताच्या बऱ्याच मॉडेल्सच्या डोक्यावर एक छोटा उंचवटा असतो. त्यात फिरणारा लेझर असतो, त्याला लायडार म्हणतात. हा लेझर भिंती आणि फर्निचरपर्यंतचं अंतर मोजतो आणि त्यावरून घराचा नकाशा बनतो. मोबाइलच्या ॲपमध्ये हॉल, बेडरूम, किचन वेगवेगळ्या रंगांत दिसतात आणि 'फक्त किचन झाड' असं सांगता येतं. काही मॉडेल्समध्ये कॅमेराही असतो, त्याने चप्पल, वायर अशा वस्तू ओळखता येतात.

पोटाखाली आणखी एक सोय असते. तिथले सेन्सर जमिनीवर इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि तो परत येतो का ते बघतात. परत आला तर खाली फरशी आहे, नाही आला तर पुढे जिना आहे, थांब. कल्पना चांगली आहे, पण काळा रंग प्रकाश शोषून घेतो. मराठी घरात काळी फरशी काही दुर्मीळ नाही. कुठे कडप्पा असतो, कुठे दोन खोल्यांच्या मध्ये काळ्या ग्रॅनाइटची पट्टी असते. अशा पट्टीशी आल्यावर काही रोबोट समोर दरी असल्यासारखे मागे फिरतात. मग बेडरूम रोज तशीच राहते आणि मालक ॲपला शिव्या देत बसतो.

तुमच्या घरात तो चालेल का?

खरेदीआधी रिव्ह्यू बघायला तास घालवण्यापेक्षा दहा मिनिटं फूटपट्टी घेऊन घरात फिरा. पहिलं माप फर्निचरखालच्या जागेचं. लायडारवाल्या रोबोटची उंची साधारण साडेनऊ-दहा सेंटिमीटर असते. दिवाण किंवा सोफ्याखाली त्याहून कमी जागा असेल, तर जिथे सगळ्यात जास्त धूळ साठते तिथेच तो पोहोचणार नाही. बॉक्स बेड जमिनीला टेकलेला असेल तर प्रश्नच मिटला.

दुसरं माप उंबऱ्याचं. बहुतेक रोबोट दोन सेंटिमीटरपर्यंतचा चढ पार करतात. फ्लॅटमधल्या पट्ट्या चालून जातात. जुन्या वाड्यातला किंवा कोकणातल्या घरातला लाकडी उंबरठा म्हणजे त्याच्यासाठी सह्याद्रीच! रो-हाउस असेल तर दुसरा मजला वेगळा, कारण जिना त्याला चढता येत नाही. तो उचलून वर न्यायचा किंवा दुसरा विकत घ्यायचा. जिने चढणारी यंत्रं कंपन्यांनी प्रदर्शनांत दाखवली आहेत, पण घरोघरी अजून ती पोहोचलेली नाहीत.

तिसरी गोष्ट मोजायची नाही, बघायची. जमिनीवर काय काय पडलेलं असतं? मोबाइलच्या वायरी, ओढणीचं टोक, लोंबणारे पडदे, गोधडीच्या झालरी, पातळ पायपुसणी. यातलं काहीही ब्रशमध्ये गुंडाळलं की रोबोट थांबतो आणि 'मदत करा' असा मेसेज पाठवतो. घरात लांब केस असतील तर दर आठवड्याला ब्रश काढून केस कापून काढायचं काम आलंच. घरात कुत्र्याचं पिल्लू असेल तर जास्त जपा. पिल्लाने रात्री हॉलमध्ये घाण केली आणि पहाटे रोबोटने ती घरभर सारवली, असे किस्से जगभरातल्या रोबोटवाल्यांनी सोशल मीडियावर लिहिले आहेत. रांगोळी आणि देवघरासमोरच्या फुलांच्या पाकळ्यांचंही तसंच. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो, पण या नव्या केरसुणीला त्या दिवशी चार्जिंगवरच बसवलेलं बरं. ॲपमध्ये 'इथे जाऊ नको' अशी चौकट आखता येते, ती देवघराभोवती आखून ठेवा.

म्हणजे केर काढायचं काम संपत नाही, ते बदलतं. आधी झाडू मारायचा, आता झाडू मारता यावा म्हणून जमीन मोकळी ठेवायची. ज्या घरात ही सवय आहे किंवा लागू शकते, तिथे रोबोट खरंच उपयोगी पडतो. व्हिट्रिफाइड टाइल्सचा सरळ टू-बीएचके, दिवसभर ऑफिसला जाणारं जोडपं, मांजरीचे केस, बाहेर रस्त्याचं बांधकाम चालू असल्याने रोज साचणारी धूळ, अशी परिस्थिती असेल तर तो रोज न कंटाळता फिरतो आणि पायाला खर लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या आणि खाली वाकता न येणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी तर हा फरक मोठा असतो. फक्त त्याचा डबा रिकामा करायला कोणाला तरी वाकावं लागतं. कचरा आपोआप ओढून घेणारं स्टेशन सोबत असेल तर तेही रोज करावं लागत नाही, पण त्याची किंमत वाढते आणि धुळीच्या पिशव्या वरचेवर विकत घ्याव्या लागतात.

जाहिरातीतल्या पास्कलच्या आकड्याने फार भारावून जाऊ नका. हा ओढण्याच्या ताकदीचा आकडा. साध्या टाइल्सवर तीन-चार हजार पास्कल पुरतात. त्यापुढची ताकद मुख्यतः जाड गालिच्यांसाठी असते आणि आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा किती घरांत असतो? कोपऱ्यांचा प्रश्न ताकद वाढवून सुटत नाही. यंत्र गोल आणि कोपरा चौकोनी, थोडा केर राहणारच.

पुसण्याचं काय?

इथे अपेक्षा आणखी खाली आणाव्या लागतात. स्वस्त मॉडेलमध्ये मागे एक ओलं फडकं असतं आणि रोबोट ते ओढत फिरतो. धुळीचा पातळ थर जातो, पण गॅसच्या ओट्याखालचा तेलकट डाग किंवा सांडून वाळलेला चहा जात नाही. महाग मॉडेल्समध्ये गोल फिरणारी किंवा रोलरसारखी फडकी असतात, ती स्टेशनवर जाऊन स्वतःला धुतात. त्यांचं काम बरंच चांगलं असतं. पाण्यात फिनाईल टाकायची आपली सवय मात्र सोडावी लागते. टाकीत नुसतं पाणी किंवा सांगितलेलाच क्लिनर घाला, असं बहुतेक कंपन्या बजावतात. नाहीतर पंप आणि नळ्या खराब होतात आणि वॉरंटीचा वाद वेगळाच. पावसाळ्यात दारातल्या चिखलावर त्याला सोडू नका. साधा रोबोट कोरड्या केरासाठी बनलेला असतो.

मावशींना पर्याय?

हिशेब सोपा वाटतो. २५ हजारांचा रोबोट चार वर्षं चालला तर महिन्याला साधारण ५२० रुपये पडतात. विजेचा खर्च नगण्य आहे. ५,२०० एमएएच, १४.४ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज करायला युनिटच्या दहाव्या भागाहूनही कमी वीज लागते. त्यात फिल्टर, ब्रश, फडकी आणि दोन-तीन वर्षांनी कदाचित नवी बॅटरी धरली तरी कागदावर रोबोट स्वस्तच पडतो.

पण मावशी खुर्ची उचलून खालचं झाडतात, कोपऱ्यातलं जळमट काढतात, बाथरूमसमोर सांडलेलं पाणी पुसतात, आणि हे सगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे बऱ्याच घरांत दोन्ही राहतात, रोजची धूळ रोबोटकडे आणि नीट पुसणं मावशींकडे. शहरांत या कामाचे पैसे कामागणिक ठरतात. केर-लादीचे वेगळे, भांड्यांचे वेगळे, कपड्यांचे वेगळे. म्हणून एका घराने केर-लादी बंद केली तर नोकरी जात नाही, पण पगारातला तुकडा जातो, आणि चार घरांनी केली तर महिन्याचं गणित बिघडतं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, तरी या कामाचा दर आणि सुट्टी अजून दारातल्या बोलण्यावरच ठरते. रोबोट आणणाऱ्याने हे बोलणं आधीच करावं, महिना संपल्यावर अचानक नको.

कॅमेरा कोणाकडे बघतो?

२०२२ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने एक प्रकरण उघड केलं. रुंबाच्या चाचणीसाठीच्या यंत्रांनी घरांत काढलेले फोटो सोशल मीडियावरच्या बंद ग्रुप्समध्ये पोहोचले होते. त्यात टॉयलेटवर बसलेल्या एका महिलेचाही फोटो होता. यंत्राला वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी हे फोटो बाहेरच्या कामगारांकडे गेले होते आणि तिथून फुटले. ती यंत्रं दुकानात विकलेली नव्हती आणि चाचणीत सामील झालेल्यांनी संमती दिली होती, असं कंपनीचं म्हणणं होतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांत इकोव्हॅक्स कंपनीचे रोबोट हॅक झाले आणि त्यांच्या स्पीकरमधून घरमालकांना शिव्या ऐकू आल्या. त्यामुळे कॅमेरा नसलेलं लायडारचं मॉडेल पुरत असेल तर तेच घ्या. कॅमेरावालं घेतलंच तर पासवर्ड मजबूत ठेवा, सॉफ्टवेअर अपडेट टाळू नका आणि बेडरूममध्ये माणसं असताना ते चालवू नका.

आणखी एक धोका कमी बोलला जातो, कंपनीच न उरण्याचा. ॲमेझॉन आयरोबॉटला १.७ अब्ज डॉलरला विकत घेणार होती. युरोपीय नियामकांच्या आक्षेपांनंतर जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार मोडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये रुंबाच्या या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ॲप कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. सर्व्हर बंद पडला तर रोबोट बटण दाबून फिरेल, पण त्याचे नकाशे आणि वेळापत्रक जाऊ शकतात. तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का आणि बॅटरी, ब्रश सुटे मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

आणि लॉन कापणारा रोबोट?

हा खरा युरोपचा प्राणी. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने १९९५ मध्ये सौरऊर्जेवर चालणारा रोबोट आणला आणि आज तिकडच्या अनेक अंगणांत असे रोबोट फिरताना दिसतात. तो गवत वाढू देऊन कापत नाही, रोज थोडं थोडं कापतो आणि ते बारीक तुकडे तिथेच खत म्हणून पडू देतो. पूर्वी हद्द दाखवायला जमिनीत वायर पुरावी लागे. आता काही मॉडेल्स उपग्रहांच्या मदतीने किंवा कॅमेऱ्याने हद्द ओळखतात. तिकडे त्याच्यावर मुख्य आक्षेप हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्यामुळे आहे. रात्री बाहेर पडणारा हा प्राणी धोका दिसला की पळत नाही, अंगाचा गोळा करतो आणि पात्यांखाली सापडतो. त्यामुळे जर्मनीतल्या कोलोन शहराने २०२४ मध्ये रात्री असे रोबोट चालवायला बंदी घातली.

जर्मनीत किंवा अमेरिकेत लॉनवाल्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा विचार करण्यासारखा खर्च आहे, कारण तिथे माणूस लावून गवत कापून घेणं महाग पडतं. महाराष्ट्रात बहुतेकांसाठी नाही. आपल्याकडे गवत खरं वाढतं ते जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तेव्हा जमीन इतकी ओली असते की चाकं रुततात, ओलं गवत पात्यांना चिकटतं. उन्हाळ्यात पाणी न घातलेलं लॉन वाळून जातं आणि कापायला काही उरत नाही. मोठं फार्महाउस किंवा रिसॉर्ट असेल तर गोष्ट वेगळी. नाशिकच्या किंवा सांगलीच्या बंगल्यासमोरच्या दोन-तीन गुंठ्यांच्या हिरवळीला महिन्यातून दोनदा येणारा माळी आणि त्याचं साधं मशीन पुरतं, आणि तो येताना जास्वंदही छाटून जातो.