मिरजेची गीता, औंधचे रामायण आणि संग्राहकाची कसोटी

खासगी मुद्रणालयात सिद्ध झालेल्या, काष्ठोत्कीर्ण चित्रांनी नटलेल्या ग्रंथांचा संग्रह ही कल्पना मुळात इंग्रजी ग्रंथव्यवहारातील. थॉमस ब्यूइकने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर सूक्ष्म कोरकाम करून ही कला नावारूपास आणली. लाकडी ठशाची आणि खिळ्यांची उंची एकच राखता येत असल्यामुळे चित्र व मजकूर एकाच दाबाखाली उमटत. शब्द आणि चित्र यांच्या ज्या एकात्मतेचे समीक्षक कौतुक करतात, तिचे मूळ असे यांत्रिक आहे. विल्यम मॉरिसच्या केल्मस्कॉट मुद्रणालयाने १८९६ मध्ये काढलेला चॉसर हा तिचा उत्कर्ष. बर्न-जोन्सची ८७ चित्रे असलेल्या या ग्रंथाच्या कागदी प्रती अवघ्या ४२५.

हीच कसोटी कृष्णाकाठच्या उंब्रजभोवतालच्या मुलखाला लावली तर काय हाती येते? उंब्रजच्या आग्नेयेस मिरज, ईशान्येस औंध. मिरजेचा पुरावा अधिक बोलका आहे. नाना फडणिसांच्या काळी, इंग्रज वकील मॅलेट याच्या उत्तेजनाने, पुण्यातील एका तांबटाने गीता ताम्रपटांवर कोरावयास घेतली. १८०० मध्ये नाना निवर्तले. पुढे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने हे काम मिरजेस तडीस गेले आणि १८०५ मध्ये गीता छापून निघाली. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासात तिची दखल घेतली आहे. त्याच वर्षी श्रीरामपुरास केरीचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनी छापले गेले. खिळ्याचे अक्षर पुन्हा पुन्हा जुळवता येते. मिरजेचे अक्षर मात्र त्या एकाच पानाचे. तेथे लाकूड नाही हे खरे, पण खिळेही नाहीत. संहिता हीच कोरीव आकृती असल्याने ‘सचित्र’ हे विशेषण लावावे तरी कशाला, असा प्रश्न उरतो. केल्मस्कॉटची मोजपट्टी येथे आखूड पडते.

औंधचे चित्ररामायण (१९१६) दुसऱ्या टोकाचे. चित्रकार स्वतः संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. मुद्रण मात्र मुंबईच्या व्यावसायिक छापखान्यात. आश्रय खासगी, यंत्र परके. त्यामुळे काटेकोर संग्राहक त्यास खासगी मुद्रणाच्या यादीतून वगळील, आणि यादीच्या दृष्टीने ते योग्यही ठरेल. परंतु कीर्तनात रमणाऱ्या या राजाने हाती घेतलेली रामकथा कुंचल्यातून पुन्हा सांगितली, ही बाब त्या यादीत कोठेच नोंदवली जात नाही. गणपत कृष्णाजींच्या १८३१ च्या शिळाछाप पंचांगाचीही तीच गत. तेथेही अक्षर आणि आकृती एकाच दगडावरून उतरत होती.