दिनविशेष : ८ जानेवारी – नंदा आणि ‘इत्तेफाक’

मास्टर विनायक यांच्या कन्या, अभिनेत्री नंदा यांचा जन्म ८ जानेवारी १९३९ रोजी कोल्हापुरात झाला. सोज्वळ भूमिकांची त्यांची चौकट मोडली ती १९६९ च्या ‘इत्तेफाक’ने. मॉन्टी डॉयल यांच्या ‘साइनपोस्ट टू मर्डर’ या इंग्रजी नाटकावरून गुजराती रंगभूमीवर ‘धुम्मस’ आले आणि त्यावरून हा रहस्यपट. निर्माते बी. आर. चोप्रांचा मोठा चित्रपट रखडला होता. त्या फटीत त्यांचे धाकटे बंधू, दिग्दर्शक यश चोप्रांनी ‘इत्तेफाक’ महिनाभरात उरकला. बहुतेक कथा एकाच घरात, पावसाळी रात्री घडते: दारात वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला चित्रकार राजेश खन्ना, न्हाणीघरात नायिकेच्या, म्हणजे नंदांच्या, नवऱ्याचे प्रेत. गाणे एकही नाही. तसे ते आधीच्या ‘कानून’ चित्रपटातही नव्हते, आणि त्यातही नंदाच होत्या. ‘इत्तेफाक’साठी यश चोप्रांना फिल्मफेअरचा दिग्दर्शन पुरस्कार मिळाला.