फिक्स्ड-गिअर सायकल: कसरतीसाठी की प्रवासासाठी?

१/ १९६४ सालचे टोकियो ऑलिंपिक. हाचिओजी येथील वेलोड्रोमवर स्प्रिंट शर्यतीची उपान्त्य फेरी सुरू आहे. इटलीचा जोवान्नी पेट्टेनेला आणि फ्रान्सचा प्येर त्रांतँ समोरासमोर आहेत. दोघांचीही ख्याती वेगासाठी. पण या क्षणी दोघेही जागच्या जागी उभे आहेत. पाय पायडलवर, चाके स्तब्ध, जमिनीला कुणाचाही पाय लागलेला नाही. ही स्तब्धता तब्बल २१ मिनिटे ५७ सेकंद टिकली. #थ्रेड

२/ हे सायकल चालवणे होते की सायकलवरची कसरत? फिक्स्ड-गिअर सायकलींच्या जगात गेली वीसेक वर्षे याच प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, सायकल अंतर कापण्यासाठी असते. बाकी सारा देखावा. दुसरा म्हणतो, या यंत्राची खरी गंमत त्याच्यावरच्या करामतीतच आहे. वाद छंदाचा वाटतो, पण त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्याच्या एका टोकाला माणसाच्या जिवाचा प्रश्नही आहे.

३/ प्रथम यंत्र समजून घेऊ. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि 'टिक् टिक्' असा आवाज येतो. फिक्स्ड-गिअरमध्ये फ्रीव्हील नसते. मागची दातेरी चकती चाकाला पक्की जखडलेली असते. चाक फिरले की पायडल फिरणारच. लहान मुलांची तीनचाकी आठवा. तिचे तत्त्व हेच.

४/ याचे परिणाम दोन. पायांनी उलटा जोर दिला की वेग कमी होतो, म्हणजे पाय हेच ब्रेक. आणि पायडल उलटे फिरवले की सायकल चक्क मागे जाते. फ्रीव्हीलच्या सायकलीवर हे दोन्ही अशक्य. शर्यत असो वा कसरत, पुढे जे जे घडले त्याचे बीज या एवढ्याशा यांत्रिक भेदात आहे.

५/ आरंभी वेगळी 'फिक्स्ड' सायकल असा प्रकारच नव्हता, कारण सगळ्याच सायकली तशा होत्या. १८७० च्या दशकातल्या उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' ही साखळीची, समान चाकांची सायकल आणली. तरी पाय आणि चाक यांची गाठ सुटली नाही. उतार आला की स्वार पायडलवरून पाय उचलून पुढच्या काट्यावरच्या खुंट्यांवर ठेवीत. १९०० च्या सुमारास फ्रीव्हील रुळले, तेव्हा कुठे पायांना विसावा मिळाला.

६/ मग जुने यंत्र टिकले कोठे? मुख्यतः वेलोड्रोमवर. तिथे उतारावर विसावण्याचा प्रश्नच नाही, आणि ब्रेकही नकोत. कारण पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळणार. १८९३ मध्ये पॅरिसच्या ब्युफालो वेलोड्रोमवर आंरी देग्रांज याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून तासाचा विक्रम नोंदवला. दहा वर्षांनी 'टूर द फ्रान्स' सुरू करणारा देग्रांज तो हाच.

७/ 'खरे सायकल चालवणे कोणते?' या वादाचा पहिला हट्टी पुरस्कर्ताही देग्रांजच म्हणावा लागेल. गिअर बदलण्याची यंत्रणा त्याला दुबळ्यांची सोय वाटे. विजय स्नायूंचा असावा, यंत्राचा नव्हे, ही त्याची धारणा. त्यामुळे टूरमध्ये गिअर बदलणाऱ्या डिरेलरला १९३७ पर्यंत प्रवेश मिळाला नाही. म्हणजे आज फ्रीव्हीलला नाक मुरडणारा तरुण काही नवे बोलत नाही. शुद्धतेचा हा आग्रह शतकाहून जुना आहे.

८/ प्रवासपक्षाकडे भक्कम पुरावेही आहेत. इंग्लंडमध्ये घड्याळाविरुद्धच्या एकेरी शर्यतींत फिक्स्ड चाक दीर्घकाळ वापरात होते. १९५६ मध्ये रे बूटी याने १०० मैलांचे अंतर स्पर्धेत चार तासांच्या आत पार केले. तोवर ही मर्यादा कुणीच ओलांडली नव्हती. त्याच्या सायकलीला एकच गिअर होता, आणि तोही फिक्स्ड. १०० मैल पायांना एक क्षणही विश्रांती नाही!

९/ येथवर पाहता निकाल प्रवासपक्षाच्या बाजूने लागलेला दिसतो. पण कसरतपक्षाची वंशावळही तितकीच जुनी आहे. अमेरिकेतील रॉचेस्टरचा निक कॉफमन हा १८८० च्या दशकातच सायकलवरच्या कसरतींसाठी गाजलेला होता. सायकलवर बसून, चाकाने चेंडू मारत खेळायच्या 'सायकल-बॉल' या खेळाच्या जन्माचे श्रेयही त्यालाच दिले जाते.

१०/ या परंपरेतून 'कलात्मक सायकलिंग' हा क्रीडाप्रकार घडला. जर्मनीत त्याची मुळे खोल गेली. खेळाडू हँडलवर उभे राहतात, एका चाकावर फिरतात, सायकल उलट्या दिशेने वर्तुळात नेतात. सायकल मात्र फिक्स्डच लागते, कारण मागे जाणे आणि तोल धरणे फ्रीव्हीलवर साधत नाही. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या जागतिक स्पर्धांत हा प्रकार आजही आहे. तेव्हा 'कसरती म्हणजे इंटरनेटच्या पिढीचे खूळ' हा आरोप इतिहासापुढे टिकत नाही.

११/ आता टोकियोकडे परत. ते दोघे थांबले होते ते टाळ्यांसाठी नव्हे. स्प्रिंटमध्ये पुढे असणाऱ्याला सगळा वारा अंगावर घ्यावा लागतो; मागचा त्याच्या आडोशाने शक्ती राखतो आणि अखेरीस झेप घेतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याने पुढे जावे यासाठी दोघेही थांबतात. हाच 'ट्रॅक स्टँड'. पुढे नियमांनी अशा थांबण्यावर वेळेची मर्यादा घातली. पण मुद्दा उरतोच: या यंत्राची सर्वांत प्रसिद्ध करामत शर्यतीच्या डावपेचातून जन्मली.

१२/ ती रस्त्यावर आली न्यूयॉर्कमध्ये. १९७० आणि ८० च्या दशकांत मॅनहॅटनच्या कचेऱ्यांमधून कागदपत्रे पोहोचवणारे सायकल-कुरिअर वाढले. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या स्वारांनी वेलोड्रोमची सायकल या धंद्यात रुळवली, असे सामान्यतः सांगितले जाते. कारणे व्यवहाराची होती. सुटे भाग कमी म्हणून बिघाड कमी, दुरुस्तीचा खर्च कमी, आणि गर्दीत वेगावर पायांचा थेट ताबा. प्रत्येक पाकिटामागे पैसे मिळत असताना सायकल दुकानात पडून राहणे परवडणारे नव्हते.

१३/ याच रस्त्यांवर कुरिअर म्हणून राबलेल्या नेल्सन व्हेल्सने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटचे रौप्यपदक जिंकले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, महापौर एड कॉच यांनी मिडटाउनमधल्या फिफ्थ, पार्क आणि मॅडिसन या मार्गांवर दिवसा सायकलबंदी जाहीर केली. कुरिअर रस्त्यावर उतरले आणि बंदी न्यायालयात टिकली नाही. 'सायकलवाले बेदरकार' हा शिक्का मात्र टिकला.

१४/ कुरिअरच्या कौशल्यांकडे नीट पाहावे. सिग्नलला पाय न टेकता उभे राहणे म्हणजे ट्रॅक स्टँड. शरीराचे वजन पुढे टाकून पायडल रोखायचे आणि मागचे चाक घासत न्यायचे, म्हणजे स्किड. दोन मोटारींमधून हँडल वळवत निसटणे हे तिसरे. ही पोटापाण्याची हत्यारे होती. कामानंतर मित्र जमले की त्यांच्याच पैजा लागत: कोण जास्त वेळ उभा राहतो, कोणाची स्किड लांब जाते. १९९३ मध्ये बर्लिनला कुरिअरांची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि एका धंद्याची संस्कृती देशोदेशी पोहोचली.

१५/ २००० नंतर चित्र पालटले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उभ्या चढ-उतारांवर ब्रेकविना सुटणाऱ्या स्वारांचा 'मॅश' हा चित्रपट २००७ चा. इंटरनेटवरच्या चित्रफितींनी हे वेड जगभर नेले. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या 'केइरिन' या पैजेच्या शर्यतींसाठी बनवलेल्या पोलादी सांगाड्यांना दूरदेशीचे तरुण शोधू लागले. जी सायकल कुरिअरने स्वस्त म्हणून निवडली, ती आता शौकाची वस्तू झाली.

१६/ आणि इथेच फाटा फुटला. उड्या मारणाऱ्यांच्या हाती वेलोड्रोमच्या नाजूक सायकली टिकेनात. चाके वाकू लागली, काटे दुमडू लागले. दशक संपता संपता कसरतीसाठी वेगळ्या सायकली निघाल्या: चाके लहान, टायर जाड, सांगाडा मजबूत, गिअर हलका. त्यांवर पायऱ्या उतरता येत, हँडल गरकन फिरवता येई. दूरचे अंतर कापणे मात्र जिकिरीचे. टीकाकारांनी विचारले, मग बीएमएक्सच का नको?

१७/ प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्याला उत्तर आहे. बीएमएक्सवर उडी घेतली की पाय स्थिर ठेवता येतात. फिक्स्डवर जमिनीला टेकताक्षणी पायडल फिरू लागतात. पाय त्याच लयीत नसतील तर स्वार फेकला जातो. अडचण हीच त्या कलेची अट आहे. तरीही टीकेत तथ्य होतेच. ज्या रस्त्याने ही कसरत जन्माला घातली, त्या रस्त्यावर चालायलाच ही नवी सायकल नालायक ठरली होती.

१८/ दुसरा फाटा उलट दिशेने गेला. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 'रेड हुक क्रिटेरियम' सुरू झाली. बंदराजवळचे वळणावळणाचे रस्ते, रात्रीची वेळ आणि ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकली. पहिल्याच वर्षी पुरुषांसह धावलेल्या केसी मँडरफील्ड या महिला स्वाराने शर्यत जिंकली. पुढे मिलान, बार्सिलोना, लंडनपर्यंत ही मालिका पोहोचली. २०१८ नंतर ती थांबली, पण फिक्स्डवर अस्सल शर्यत होऊ शकते हे तिने सिद्ध केले.

१९/ या सगळ्यात एक प्रश्न दोन्ही पक्षांनी टाळला: ब्रेकचा. २०१६ मध्ये लंडनच्या रस्त्यावर, पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकलीची धडक बसून एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला. ब्रिटनमध्ये रस्त्यावर येणाऱ्या अशा सायकलीला पुढचा ब्रेक सक्तीचा आहे. २०१७ मध्ये स्वाराला १८ महिन्यांची शिक्षा झाली. आणि ती ज्या कायद्याखाली झाली तो होता १८६१ सालचा, घोडागाड्यांच्या काळातला.

२०/ इथे भौतिकशास्त्र निष्ठुर आहे. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके पडते. म्हणून मागच्या चाकाची स्किड दिसते भारदस्त, पण थांबवते उशिरा. पुढचा ब्रेक त्याहून पुष्कळ कमी अंतरात थांबवतो. स्किड हे कौशल्य आहे, ब्रेकचा पर्याय नव्हे. बंद वेलोड्रोमवर ब्रेक नसणे ही सुरक्षिततेची व्यवस्था होती; तीच गोष्ट चौकात आणली की अर्थ उलटा होतो.

२१/ मराठी वाचकाला या वादाची एक जवळची उपमा सापडेल. मल्लखांब हा नावाप्रमाणेच मल्लांचा खांब. कुस्तीगिराने अंगात चपळाई आणावी म्हणून केलेला व्यायाम. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधरांना परंपरा त्याचे श्रेय देते. आज मल्लखांबपटूला कुणी 'मग कुस्ती का खेळत नाहीस?' असे विचारत नाही. साधनेतून निघालेली कसरत स्वतंत्र कला झाली, आणि कुस्तीचेही काही बिघडले नाही.

२२/ म्हणून 'कसरत की प्रवास?' या प्रश्नाला इतिहास एका शब्दात उत्तर देत नाही. कॉफमन आणि देग्रांज समकालीन होते. दोघांच्या परंपरा खऱ्या आहेत. पण रस्त्यावरच्या करामतींपुरते बोलायचे तर क्रम स्पष्ट आहे. आधी काम, मग कौशल्य, मग करामत. सिग्नलपाशी रोज शंभरदा थांबणाऱ्यालाच ट्रॅक स्टँड साधला. ज्याने रस्ता कधी कापलाच नाही, त्याच्या हाती त्या कौशल्याचे नुसते टरफल लागते.

२३/ कसरतीसाठी रिकामे मैदान असावे आणि तिथे तिला हवे तेवढे रान मिळावे. रस्त्यावर मात्र इतरही माणसे असतात. तिथे सायकलीला पुढचा ब्रेक असावा, आणि तो लावल्याने कुणाची निष्ठा कमी होत नाही. कुरिअरचे काम पाकीट पोहोचवण्याचे होते. स्किडची लांबी मोजणे काम संपल्यावर.

२४/ टोकियोच्या त्या जवळजवळ २२ मिनिटांचे पुढे काय झाले? स्तब्धता मोडली, दोघे निघाले, शर्यत झाली. पेट्टेनेलाने अखेर त्या स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. इतका वेळ तो जागचा हलला नव्हता, तो योग्य क्षणी सुटता यावे म्हणून. थ्रेड समाप्त.

#इतिहास #सायकल #क्रीडाइतिहास