प्राध्यापकांच्या करारनाम्याची कुळकथा

आपण पगारी नोकर आहोत हे कबूल करायला अमेरिकेतल्या प्राध्यापकांना पन्नासएक वर्षं लागली. आज तिथल्या अनेक सरकारी विद्यापीठांत दर काही वर्षांनी प्राध्यापक संघटना आणि व्यवस्थापन समोरासमोर बसतात. पगार, तासांचा भार, रजा, आरोग्य विमा, बढतीची पद्धत अशी एकेका कलमावर बोलणी होतात. जे कलम पटेल त्यावर दोन्ही बाजू आद्याक्षरं करतात आणि शेवटी सभासदांच्या मतदानानं करार पक्का होतो. कारखान्यातली ही रीत विद्यापीठात शिरली ती एकदम नाही, आणि तिला सगळ्यांत जास्त विरोध सुरुवातीला झाला तो प्राध्यापकांच्याच मनात.

१९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड रॉस या प्राध्यापकाची मतं संस्थापकाच्या पत्नीला रुचली नाहीत आणि त्यांना जावं लागलं. याच्या निषेधार्थ ज्यांनी राजीनामे दिले त्यांत आर्थर लव्हजॉय होते. पंधरा वर्षांनी, १९१५ साली, लव्हजॉय यांच्याच पुढाकारातून अमेरिकन विद्यापीठीय प्राध्यापकांची संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई. त्या वर्षी डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई तिथे त्यांचे गुरू होते. या संघटनेच्या पहिल्या जाहीरनाम्यानं बजावलं, की विश्वस्त प्राध्यापकाची नेमणूक करतात, पण तो त्यांचा नोकर नव्हे. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशाला नेमतो म्हणून निकाल कसा द्यायचा हे त्याला सांगू शकत नाही, तसंच हे नातं. हा विचार निर्भय होता आणि विद्येच्या स्वातंत्र्याला त्यानं मोठा आधार दिला. मात्र जो नोकर नाही तो मालकाशी पगाराचा सौदा करायला बसणार कसा? १९३५ च्या वॅग्नर कायद्यानं खाजगी उद्योगांतल्या कामगारांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क दिला, तेव्हा बहुसंख्य प्राध्यापकांना त्यात आपला काही संबंध दिसला नाही.

डोळे उघडले ते न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात. कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं हे विद्यापीठ. पगार वाढवा आणि कारभारात आम्हांला विचारा, एवढ्या मागण्यांवरून तिथे १९६५ च्या वसंतात धुसफूस सुरू झाली. डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, ३१ प्राध्यापकांना बडतर्फीची पत्रं गेली. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही. बहुतेकांना सत्र चालू असतानाच वर्गावर जायला मनाई झाली. ४ जानेवारी १९६६ रोजी प्राध्यापक फलक घेऊन फाटकाबाहेर उभे राहिले. अमेरिकन विद्यापीठातला हा प्राध्यापकांचा पहिला मोठा संप. दीड वर्ष तो रेटला गेला आणि १९६७ च्या जूनमध्ये काढलेल्यांना परत न घेताच संपला.

सेंट जॉन्सचा संप सुरू झाला त्याच आठवड्यात त्याच शहरात दुसरा संप चालू होता. १ जानेवारीपासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे आणि बसगाड्या बंद होत्या. बारा दिवस शहर पायी चाललं. सरकारी नोकरांच्या संपाला बंदी करणारा जुना कायदा असूनही हे घडलं, म्हणून राज्यपालांनी नवा मार्ग सुचवायला एक समिती नेमली. तिचे प्रमुख जॉर्ज टेलर हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक आणि कामगार तंट्यांतले नावाजलेले लवाद. १९६७ चा टेलर कायदा त्यातून आला. संपाला बंदी कायम राहिली, पण सरकारी नोकरांना संघटना करून कराराची बोलणी करण्याचा हक्क मिळाला. सरकारी विद्यापीठातले प्राध्यापकही त्यात आले. बसचालक आणि रेल्वे कामगारांच्या संपाचं हे देणं प्राध्यापकांच्या इतिहासात ठळकपणे लिहिलं जायला हवं.

डिसेंबर १९६८ मध्ये न्यूयॉर्क शहर विद्यापीठात मतदान झालं. पूर्णवेळ वरच्या पदांवरच्यांनी एक संघटना निवडली, अर्धवेळ व कनिष्ठांनी दुसरी. १९६९ मध्ये दोघींचे वेगवेगळे करार झाले. १९७२ मध्ये त्या एक झाल्या आणि ब्रुकलिन कॉलेजमध्ये राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बेल झेलर अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी ड्यूईंच्या जुन्या संघटनेनंही सामूहिक वाटाघाटींचा मार्ग अधिकृतपणे पत्करला. पुढे १९८२ मध्ये टेलर कायद्यात एक दुरुस्ती झाली, ती इथं नीट पाहायला हवी. कराराची मुदत संपली तरी नवा होईपर्यंत जुन्याच्या अटी चालू राहतात. याच विद्यापीठाचा २०१० मध्ये संपलेला करार नवा व्हायला २०१६ उजाडलं. मधली सहाएक वर्षं रजा, विमा, तासांचा भार सगळं शाबूत राहिलं, पण सर्वसाधारण पगारवाढ अडकून पडली.

खाजगी विद्यापीठांची वाट मात्र मध्येच बुजली. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये संघटनेला मान्यता मागितली. २० फेब्रुवारी १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती नाकारली. न्यायमूर्ती पॉवेल यांचा युक्तिवाद असा होता: अभ्यासक्रम काय, गुण कसे द्यायचे, प्रवेश कोणाला, हे प्राध्यापक ठरवतात. म्हणजे माल कोणता, तो कोणत्या अटींवर आणि कोणत्या गिऱ्हाइकाला द्यायचा हे तेच ठरवतात. मग ते व्यवस्थापक झाले, आणि व्यवस्थापकाला कामगार कायद्याचं संरक्षण नाही. १९१५ मध्ये प्राध्यापकांनी स्वाभिमानानं सांगितलेलं वेगळेपण असं त्यांच्याच विरोधात वापरलं गेलं. हा निकाल अन्यायकारक होता. अभ्यासक्रम ठरवणाऱ्याच्या हाती स्वतःचा पगार ठरवण्याची सत्ता कधीच नव्हती.

आपल्याकडे दार दुसऱ्या बाजूनं बंद झालं. गोव्यातल्या एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये ठरवलं, की शाळा हा औद्योगिक विवाद कायद्याखाली उद्योग असेल, पण शिक्षक हा त्यातला कामगार नव्हे. शिकवणं हे अंगमेहनतीचं, कारकुनी किंवा तांत्रिक काम नाही, म्हणून. अमेरिकेत व्यवस्थापक, इथं कामगारच नाही. महाराष्ट्रातल्या प्राध्यापकाचं वेतन ठरतं ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीनं आणि राज्य सरकारच्या निर्णयानं. कुलगुरूंशी पगाराचा करार करण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून एमफुक्टो या राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाचं हत्यार ठरलं परीक्षेच्या कामावर बहिष्कार, जसा २०१३ मध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ चालला.

अमेरिकेत येशिवा निकालाच्या कक्षेबाहेर एक गट राहिला होता: ज्यांना कारभारात काडीचाही अधिकार नाही असे, आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखे लोक. अमेरिकन विद्यापीठांनी कायम नेमणुका कमी करून यांचीच भरती वाढवली, आणि वाटाघाटींच्या टेबलावर आता त्यांचेच प्रश्न सर्वांत कळीचे झाले आहेत.

न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ रटगर्स १७६६ मध्ये स्थापन झालेलं. तिथे जून २०२२ मध्ये करार संपला आणि बोलणी रेंगाळली. १० एप्रिल २०२३ रोजी तीन संघटनांचे सुमारे नऊ हजार लोक एकत्र संपावर गेले. विद्यापीठाच्या इतिहासातला प्राध्यापकांचा हा पहिला संप. कायम प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी, तासिकावाले, वैद्यकीय शाखेतले शिक्षक अशा सगळ्यांनी एकमेकांच्या मागण्या उचलून धरल्या होत्या. राज्यपाल फिल मर्फी यांनी दोन्ही बाजूंना ट्रेंटनच्या राज्य कचेरीत बोलावून घेतलं आणि पाच दिवसांनी कराराचा आराखडा ठरला. मे महिन्यात सभासदांनी त्यावर मतदान करून तो मंजूर केला. सर्वांत मोठी वाढ मिळाली ती तासिकावाल्यांना, चार वर्षांत सुमारे ४४ टक्के. शिवाय दर सत्राला नव्यानं नेमणुकीची वाट पाहण्याऐवजी अधिक मुदतीच्या नेमणुकांचं कलमही त्यांनी मिळवलं.